व्याजमाफीला हात वर करणाऱ्या आमच्या सभासदांना खुले पत्र

सर्व सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी पार्किंगमध्ये आपली वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. दहाची सभा कोरमअभावी तहकूब होऊन साडेदहाला सुरू झाली, हे नेहमीचंच. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, विषय ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून बाजूला गेला. दुरुस्ती निधी वाढवायला नकार मिळाला. या दोन विषयांवर तासभर आवाज चढले होते. मग मिसळीची ऑर्डर आल्याचं वॉचमननं सांगितलं, लोक खुर्च्या सरकवू लागले, आणि त्या गडबडीत ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली एका सभासदाचं चार वर्षांच्या थकबाकीवरचं सगळं व्याज माफ झालं. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, हात वर झाले. पाच मिनिटं लागली नसतील.

मी या सोसायटीची खजिनदार. त्या दिवशी मी हात वर केला नाही. बी विंगमधल्या दोघांनीही केला नाही. तरी इतिवृत्ताच्या मसुद्यात ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असं लिहून आलंय. हे पत्र लिहायचं तात्कालिक कारण तेच. मी ते नोटीस बोर्डावर लावते आहे आणि इंदिरानगरातल्या, पाथर्डी फाट्याकडच्या, गंगापूर रोडवरच्या ओळखीच्या सोसायट्यांनाही देते आहे. कारण पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर होणारी ही सभा नाशकात सगळीकडे साधारण अशीच होते, आणि तिथेही कोणीतरी खजिनदार वही मिटून गप्प घरी जात असणार.

थकबाकीदाराचं नाव लिहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. त्यांनी मागितलं, मागणारा मागणारच. देणारे तुम्ही. म्हणून पत्र तुम्हाला.

आधी हिशेब सांगते, कारण सभेत तो मांडायला मला वेळच मिळाला नाही. मेंटेनन्स महिना १,५०० रुपये. चार वर्षांचे ४८ हप्ते, म्हणजे मुद्दल ७२,०००. आपल्या उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, थकबाकीवर सालीना २१ टक्के सरळव्याज. प्रत्येक हप्ता जितके महिने थकला तितक्या महिन्यांचं व्याज धरलं, तर बेरीज साडेएकोणतीस हजारांच्या थोडी वर जाते. आता दुसरा आकडा बघा. सिंकिंग फंडासाठी आपण प्रत्येक फ्लॅटकडून महिना पन्नास रुपये घेतो. ४८ फ्लॅट, बारा महिने: वर्षाला २८,८००. म्हणजे मिसळ गार होऊ नये म्हणून आपण पाच मिनिटांत इमारतीच्या म्हातारपणासाठी साठवलेल्या वर्षभराच्या पैशांपेक्षा जास्त रक्कम सोडून दिली.

आणि तो पन्नास रुपयांचा आकडाही तोकडाच आहे. सरकारनं नमुना म्हणून दिलेले आदर्श उपविधी सांगतात, सिंकिंग फंड दरसाल बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. जमिनीची किंमत सोडून आपल्या एका फ्लॅटचा बांधकाम खर्च त्या काळच्या भावानं चार लाख धरला, तरी सिंकिंग फंडाचे वर्षाला हजार आणि दुरुस्तीचे तीन हजार होतात. महिन्याला दोन्ही मिळून तीनशे तेहतीस. आपण सगळं मिळून दीडशे घेतो. वाढ मागितली तेव्हा एका सभासदांनी विचारलं, ‘एवढे पैसे घेऊन कमिटी करणार काय?’ पंधरा मिनिटांनी तेच गृहस्थ व्याजमाफीचे अनुमोदक होते.

यातलं मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. ए विंगच्या तळमजल्यावरच्या आजी दर महिन्याला दहा तारखेच्या आत रोख पैसे घेऊन येतात. पावती घेतात, चष्मा लावून रक्कम वाचतात, घडी करून डब्यात ठेवतात. लिफ्टमध्ये त्या पाऊल टाकत नाहीत, तरी लिफ्टच्या खर्चाचा वाटा त्यांच्यावर इतरांइतकाच येतो. उपविधीच तसे आहेत, तळमजला असो की चौथा. त्याबद्दल त्यांनी एकदा विचारलं, मी नियम दाखवला, त्या म्हणाल्या, ‘बरं.’ पुन्हा कधी विषय काढला नाही. मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांचा एक हप्ता उशिरा आला. त्यावरचं व्याज सव्वीस रुपये पंचवीस पैसे. त्यांनी सत्तावीस रुपये मोजून ठेवले आणि सुटे राहू दे म्हणाल्या.

त्या सभेला आल्या नव्हत्या. ठराव झाल्याचं त्यांना कळलंय. मला त्यांनी काही विचारलेलं नाही, आणि विचारलं तर काय उत्तर द्यायचं हे तुम्हीच मला सांगा.

‘रोज तोंड बघायचं असतं, कशाला वाईटपणा’ असं सभेनंतर मला तिघा-चौघांनी समजावलं. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आजी-पणज्या उगाच म्हणत नव्हत्या. भीड तुम्हाला वाटली, पैसे मात्र गेले सगळ्यांचे. कुणाला खरोखर अडचण असेल तर तिच्यासाठी मार्ग आहेत: हप्ते बांधून द्या, मुद्दलाला मुदत द्या. नोकरी गेलेल्या एका सभासदाला आपण मागे तशी मुदत दिली होती. त्यांनी लेखी अर्ज केला होता, आणि नंतर पै न् पै भरली. या वेळी अर्ज नव्हता, कारण नव्हतं, विषयपत्रिकेवर विषय नव्हता. चौदा दिवस आधी नोटीस आणि विषयपत्रिका पाठवायची ती याचसाठी ना, की घरी राहणाऱ्यालाही कळावं आपल्या पैशांचं काय ठरणार आहे? पैसे सोडून देण्याचे निर्णय ऐनवेळच्या विषयांत घ्यायचे असतील, तर नोटीस काढायची कशाला? तेवढा कागद तरी वाचेल.

आता जरा कायद्याचं. सोसायटीची थकबाकी वसूल करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला घेण्याची सोय आहे. पूर्वी ती कलम १०१ खाली होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब-२९ आहे. दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. कमिटीनं त्या अर्जाची कागदपत्रं जुळवली होती: खातेउतारा, नोटिसांच्या पोचपावत्या, ठरावाची प्रत. तुमच्या हात वर करण्यानं ती फाइल कपाटात गेली. आणखी एक. गेल्या पंधरवड्यात आणखी दोघांनी मला गमतीत म्हणून विचारलं, ‘मग आम्हीपण थांबू का भरायचे?’ मी हसले नाही.

स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल. आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं होऊन गेली. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या पुढे तीन वर्षांतून एकदा करून घ्यावं, असं उपविधीत स्पष्ट आहे. आपलं एकदाही झालेलं नाही. तीस वर्षं उलटली की महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खाली ते करावंच लागतं, आणि आपण त्या रेषेपासून फार लांब नाही. ‘इंजिनिअर लोक घाबरवतात’ असं सभेत कोणी म्हटलं. घाबरवायला इंजिनिअर कशाला हवा? सी विंगच्या खाली, जिथं दुचाक्या लागतात, तिथल्या बीमकडे मान वर करून बघा. जुलैच्या पावसात तिथलं प्लास्टर पडलं. हाताएवढा तुकडा होता, खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. आत सळई दिसते, तिचे पापुद्रे नखानं निघतात. त्याच विंगच्या मागच्या ड्रेनेज पाइपच्या सांध्यात पिंपळ उगवलाय. दोनदा उपटून झाला, मुळं भिंतीत राहतात, पाऊस पडला की पुन्हा पानं. एका काकांनी त्यावर ‘पिंपळ तोडू नये’ असं सुचवलं, त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण तो पिंपळ कुणी पारावर लावलेला नाही, आपल्या शौचालयाच्या पाइपवर उगवलेला आहे.

दर पावसाळ्याआधी जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना महापालिका नोटिसा काढते, त्या बातम्या आपण वाचतो आणि ‘बिचारे’ म्हणून पान उलटतो. वाड्यांचे वाद भाडेकरू आणि मालकांच्या पिढ्यान् पिढ्यांचे आहेत. आपल्याकडे तसलं काही नाही. आपण सगळे मालक, आणि एका रविवारच्या सभेपुरतं आपलं एकमत होत नाही.

उलट रिडेव्हलपमेंटच्या गप्पांना मात्र सगळे हजर. किती टक्के जादा कार्पेट मिळेल, भाडं किती मिळेल, पार्किंग एक की दोन. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, याची आठवण करून दिली की शांतता. सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर, करून द्यायचं असतं. ते त्यानं केलं नाही, ठीक. त्यावरही उपाय आहे: १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटमालकीच्या, कायद्यात २००८ ला झालेल्या दुरुस्तीमुळे जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो, बिल्डर आला नाही तरी चालतं. अर्जासोबत जोडायला मी प्रत्येकाकडे नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टूची (त्या नोंदणीच्या उताऱ्याची) झेरॉक्स मागितली होती. ४८ पैकी अकरा आल्या. अकरा झेरॉक्सवर कोणाच्याही नावावर जमीन होत नाही.

फ्लॅट भाड्यानं देऊन पुण्याला, ठाण्याला किंवा परदेशी गेलेल्या मालकांना दोनच ओळी. नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दलचं शुल्क, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हा सरकारचा २००१ चा आदेश आहे आणि आपण त्याच्या आतच आहोत. तेव्हा ‘भाडेकरू नाही, चुलत भाऊ राहतो’ असं सांगायची खरंच गरज नाही, चुलत भाऊ मला दर महिन्याला भाड्याची पावती कुठं मिळेल विचारतो.

कमिटीबद्दल थोडं बोलते, कारण ‘कमिटीवाले’ हा शब्द सभेत फार वेळा आला. आम्ही सात जण आहोत. मानधन एक रुपयाही नाही, आणि ते नकोच. सचिव अंबडच्या कारखान्यातून शिफ्ट करून येतात आणि जेवणाआधी पंपाची मोटर बघतात. शनिवारी पाणी येणार नाही असं महापालिकेनं कळवलं की शुक्रवारी रात्री टाकीची पातळी बघायला गच्चीवर कोण चढतं, हे तुम्हाला माहीत नसेल. सकाळी पाणी आलं की माहीत असायची गरजही वाटत नाही. ते असू दे. तक्रार वेगळी आहे. ‘पैसे खातात’ हे वाक्य. व्हाउचर फाइल, कॅशबुक, पासबुक, बिलं, सगळं माझ्या घरी कपाटात आहे. सभासद म्हणून ते बघायला माझी कुणालाच ना नाही. संशय असेल त्यानं या, चहा देईन, पान न् पान बघा. आजवर फक्त एकजण आला, आणि त्याला त्याच्या जुन्या पावतीची प्रत हवी होती.

काय विनोद बघा: कमिटीच्या निर्णयाची जबाबदारी सदस्यांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या येते. ऑडिटरनं उद्या विचारलं की हे व्याज कुठल्या नियमानं सोडलं, तर उत्तर आम्ही सात जणांनी द्यायचं, हात वर करणाऱ्यांनी नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहून पोट भरलं. कामावर दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत घरी जायची मुभा नव्हती. सिडकोतल्या भाड्याच्या खोलीतून निघून आम्ही हा फ्लॅट घेतला, त्याचं कर्ज फिटायला अठरा वर्षं लागली, आणि आमच्या नावावर मालमत्ता म्हणावी अशी ही एकच गोष्ट आहे. सी विंगच्या त्या बीमवर तीन मजले उभे आहेत. त्यातल्या दुसऱ्यावर मी राहते.

तर माझ्या मागण्या.

व्याजमाफीचा ठराव विशेष सर्वसाधारण सभेत, रीतसर विषयपत्रिकेवर घेऊन, पुन्हा मांडा. थकबाकीदार सभासदांनी लेखी अर्ज आणि कारण द्यावं. तरीही माफ करायचं ठरलं, तर तोच नियम सगळ्यांना लावा आणि आजवर ज्यांनी ज्यांनी व्याज भरलं त्यांना ते परत करा. सुरुवात आजींच्या सव्वीस रुपये पंचवीस पैशांपासून. त्या खुल्या मनानं दिलेले वरचे पंचाहत्तर पैसेही.

ठराव रद्द झाला, तर सहा समान हप्त्यांत मुद्दल आणि व्याज भरायची सवलत मीच सुचवीन. तीही नाकारली तर वसुली दाखल्याचा अर्ज जाईल.

इतिवृत्तातला ‘सर्वानुमते’ हा शब्द काढा आणि विरोध करणाऱ्या तिघांची नोंद करा.

पुढे एक नियम: ज्या ठरावानं सोसायटीचा पैसा जातो किंवा सोडला जातो, तो ऐनवेळच्या विषयांत घेता येणार नाही.

स्ट्रक्चरल ऑडिट या आर्थिक वर्षातच. तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवून ठेवली आहेत, कमी दराचं घ्या किंवा तुमच्या ओळखीचा इंजिनिअर आणा, मला चालेल. सी विंगचा तो बीम मात्र त्याचीही वाट न बघता आधी दाखवा, आणि तोवर त्याखाली गाड्या लावू नका. ही विनंती मी तिथं चिकटवली होती, तो कागद दुसऱ्या दिवशी नव्हता.

सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी उपविधींच्या किमान दरावर आणा. एका फटक्यात जमत नसेल तर दोन वर्षांत आणा.

इंडेक्स टूची झेरॉक्स दिवाळीच्या आत द्या. सापडत नसेल तर नोंदणीची तारीख आणि दस्त क्रमांक सांगा, काढून आणण्याचं मी बघते.

आणि प्रत्येक विंगमधून एक नवा माणूस पुढच्या निवडणुकीत उभा राहिला पाहिजे. मला कंटाळा आलाय म्हणून नव्हे, तो आलाय हे खरंच. पण सातातले पाच जण साठीच्या पुढचे आहेत आणि वही कोणाला तरी शिकवून ठेवायला हवी. हिशेब मी शिकवीन, अवघड नाही.

माझा राजीनामा कोणी मागितला तर देईन, पण स्वतःहून देणार नाही. काहींनी ‘एवढं लागलं असेल तर सोडून द्या’ असा सल्ला दिला. काम सोडायला मला दोन ओळी पुरतील, पण आपल्या वर्षभराच्या सिंकिंग फंडाएवढी रक्कम तुमच्यासमोर मांडायला या पत्राइतकी जागा लागली, यावरून माझा विचार काय आहे ते समजा.

विशेष सभा बोलावण्यासाठी एक-पंचमांश सभासदांचा लेखी अर्ज लागतो. तो आला की कमिटीला महिन्याच्या आत सभा घ्यावी लागते. ४८ चा पाचवा हिस्सा म्हणजे आपल्याला दहा सह्या हव्यात. अर्ज वॉचमनच्या केबिनमध्ये क्लिपबोर्डला लावून ठेवलाय, पेन दोरीनं बांधलंय. आज दुपारपर्यंत सात सह्या झाल्या आहेत. त्यातली एक, आश्चर्य वाटेल, सूचकांची आहे. सोमवारी रात्री नऊला मी कागद काढून सचिवांकडे देणार आहे.

आपली,
खजिनदार, सी विंग